बारा व्होल्टची भिंत

मोटारीच्या स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कुठून आला, हे एकदा कागदावर मांडून पाहिलं की ॲम्प्लिफायरच्या बाजारातली निम्मी गुपितं आपोआप उलगडतात. गाडी चालू असताना अल्टरनेटर बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट ठेवतो. मोटारीतले बहुतेक स्पीकर ४ ओहमचे. वॅट काढायचा शाळेतला हिशोब म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ ने भागलं की उत्तर ५२. झाला ५० वॅटचा जन्म. म्हणजे बॅटरीचा सगळाच्या सगळा दाब, वाटेत कणभरही तोटा न होता, सतत स्पीकरवर पडला तर जेवढी शक्ती जाईल तेवढी खोक्यावर छापलेली असते. आवाजाची लाट वरून-खालून करवतीने कापल्यासारखी सपाट झाली तरच हा आकडा गाठता येतो, आणि तेव्हा ऐकू येतो तो निव्वळ खरखराट. न कापलेल्या, गोलाईदार लाटेसाठी तोच हिशोब बरोबर निम्म्यावर येतो, २६ वॅट. स्टिरिओतली चिप त्यातले थोडे व्होल्ट स्वतःच खाते. ते वजा जाता हाती राहतात १८ ते २० वॅट. व्होल्ट वाढवण्याची वेगळी सोय नसलेला स्टिरिओ कुठल्याही कंपनीचा असो, कितीही महागाचा असो, त्याला ही भिंत ओलांडता येत नाही. ती बॅटरीने बांधलेली आहे.

वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा तो या भिंतीपलीकडे जाण्यासाठी. नळाचं पाणी तळमजल्यावर येतं पण चौथ्या मजल्यावर चढत नाही, तेव्हा आपण चौथ्या मजल्याच्या नळाला मोठी तोटी बसवत नाही. खाली टाकी बांधतो आणि पंपाने पाणी गच्चीवर चढवतो. खऱ्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं तर आत तांब्याची तार गुंडाळलेलं मेदुवड्यासारखं एक कडं दिसतं. हाच तो पंप. बॅटरीचा एकदिश प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून या कड्यातून नेला जातो आणि पलीकडे अधिक २५ व उणे २५ व्होल्टच्या आसपासचा दाब तयार होतो. ४ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर लाटेचं शिखर २० व्होल्टपर्यंत जावं लागतं. बॅटरीच्या बळावर ते अशक्य, या कड्याच्या बळावर सहज शक्य. ॲम्प्लिफायरसाठी आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या पंपाचे. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तळहातावर मावणारा जो उघडा बोर्ड स्वस्तात मिळतो, तो ‘५० वॅट’चा असला तरी मोटारीत तेवढा चालत नाही. अशा बोर्डांवर फार चालणाऱ्या एका चिपच्या माहितीपत्रकात ५० वॅटच्या शेजारीच लिहिलेलं असतं की हे २१ व्होल्टवर मिळतात. बॅटरी २१ व्होल्ट देत नाही. पंपाशिवाय विकत घेतलेली तोटी ती; घरच्या टेबलावर अडॅप्टर लावून वापरायला उत्तम, गाडीत स्टिरिओच्याच पंगतीला बसणारी.

मग पंप आहे की नाही आणि असला तर किती ताकदीचा, हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? झाकण उघडू देणारा दुकानदार विरळा. माझ्या मते यासाठी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे फ्यूज. खोक्यावरचा आकडा कंपनीच्या जाहिरात खात्याने छापलेला असतो, फ्यूज मात्र तिच्या इंजिनिअरने बसवलेला असतो. ॲम्प्लिफायर हातात घ्या आणि वायरी जोडायची बाजू पाहा. तिथे चपटे, प्लास्टिकचे, दोन पायांचे फ्यूज खोचलेले दिसतील. आकडा वाचता आला नाही तरी रंग सांगतो: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. (फार मोठ्या ॲम्प्लिफायरच्या अंगावर कधी कधी फ्यूज नसतो, तेव्हा किती अँपिअरचा लावायचा ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.) समजा खोक्यावर ‘३००० वॅट’ आहे आणि खाली एकच पारदर्शक फ्यूज आहे. २५ गुणिले १४.४ म्हणजे ३६० वॅट आत जाणार. जुन्या घडणीचा, म्हणजे क्लास एबी ॲम्प्लिफायर त्यातले साधारण ५५ टक्के स्पीकरला देतो आणि उरलेले उष्णतेत घालवतो. हाती आले २०० वॅट, चार चॅनेलना वाटून प्रत्येकी ५०. नव्या घडणीचा, म्हणजे क्लास डी असेल तर ८० टक्के धरा, म्हणजे प्रत्येकी सत्तरेक. ३००० वॅट खरोखर द्यायचे तर क्लास डीलासुद्धा २६० अँपिअर ओढावे लागतील, आणि छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर दिवे, पंखा, इंजिनचा संगणक असं सगळं मिळून शंभराच्या आतबाहेर अँपिअर पुरवतो. स्टिरिओलाही हीच कसोटी लावून पाहता येते. चार चॅनेलचे मिळून २०० वॅट सांगणाऱ्या कित्येक स्टिरिओंच्या पाठीला लाल फ्यूज असतो. १४४ वॅट आत जाऊन २०० बाहेर येणार असतील तर विजेचं बिल भरायची गरजच उरली नसती.

यावर जाणकार एक रास्त आक्षेप घेतील. संगीत म्हणजे सतत एकाच जोराने वाहणारी लाट नव्हे. ढोलकीची थाप पडते तेव्हा क्षणभर मोठा प्रवाह लागतो, पुढच्याच क्षणी तो ओसरतो. फ्यूज वितळायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणिक ओढ त्याच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. शिवाय आत मोठे कपॅसिटर साठवण ठेवून असतात. हे सगळं खरं आहे. पण या सवलती देऊनही हिशोब दीडपट-दुप्पट सरकेल. बाजारातली अतिशयोक्ती पंधरापट असते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: फ्यूज मोठा लावला म्हणून ॲम्प्लिफायर मोठा होत नाही, उद्या थापाडी कंपनी ३० चे दोन फ्यूज खोचून मोकळी होईल. बरोबर. फ्यूज एखाद्याला खोटं ठरवू शकतो, खरं ठरवू शकत नाही. खरेपणासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि तो कागदावर मिळतो.

अमेरिकेत घरगुती ॲम्प्लिफायरच्या फुगवलेल्या वॅटना वैतागून तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला की शक्ती कशी मोजायची आणि कशी छापायची. मोटारीतल्या ॲम्प्लिफायरना तो लागू नव्हता, आणि तिथे आकडे मोकाट सुटले. २००३ साली उद्योगाच्याच सीईए या संघटनेने एक प्रमाण आखलं, सीईए-२००६. ती संघटना पुढे सीटीए झाली तेव्हा प्रमाणाचं नावही सीटीए-२००६ झालं. त्यात अटी सोप्या आहेत: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत, आणि शक्ती सतत मिळणारी. हे प्रमाण ऐच्छिक आहे, त्यामुळे शिक्का नसलेला प्रत्येक ॲम्प्लिफायर वाईट असं म्हणता येत नाही. पण माहितीपुस्तिकेत ‘आरएमएस’ (म्हणजे सतत मिळणारी शक्ती) या शब्दाशेजारी ओहम, व्होल्ट आणि विकृतीचे टक्के हे तिन्ही लिहिलेले असतील तर त्या आकड्याला कुणीतरी जबाबदार आहे. नुसतं ‘मॅक्स’, ‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’ असेल तर त्याला कुणाचाच जामीन नाही. आरएमएस दिलाय पण २ ओहमवरचा, हीसुद्धा चलाखीच. आपला स्पीकर ४ ओहमचा असेल तर तो आकडा आपल्यासाठी नाही.

आता मुख्य प्रश्न: किती वॅट पुरेत? इथे कानाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्षात येईल न येईल इतका. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. या हिशोबाने स्टिरिओच्या २० वॅटवरून ५० वॅटवर गेलं तर पदरात पडतात जेमतेम ४ डेसिबल. मग एवढ्यासाठी हजारो रुपये का घालायचे, असं कुणी विचारेल, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. उत्तर सरासरीत सापडत नाही, शिखरांत सापडतं. हमरस्त्यावर, काचा बंद करून, रस्त्याच्या घरघरीवर मात होईल इतक्या आवाजात ऐकताना एका दाराच्या स्पीकरला सरासरी २ वॅट जात असतील असं धरू. बऱ्या रेकॉर्डिंगमधली शिखरं सरासरीच्या १५ डेसिबल वर जातात. १५ डेसिबल म्हणजे सुमारे ३२ पट. त्या क्षणी ६३ वॅट लागले. २० वॅट आरएमएसच्या चिपची क्षणिक झेप दुप्पट, म्हणजे ४० पर्यंत. शिखर कापलं गेलं. ५० वॅटच्या ॲम्प्लिफायरची क्षणिक झेप १०० पर्यंत. शिखर शाबूत राहिलं. म्हणून ॲम्प्लिफायर लावल्यावर लोक ‘आवाज वाढला’ म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना म्हणायचं असतं की आवाज मोकळा झाला. तबल्याच्या चाटीवरचा प्रहार आणि त्यामागून येणारी आस वेगवेगळी ऐकू येऊ लागते. हल्लीची कित्येक गाणी मुळातच दाबून सपाट केलेली असतात, शिखरंच नसतात. तीच ऐकायची असतील तर हा फायदा कमी मिळेल, हेही सांगून ठेवलं पाहिजे.

या हिशोबातूनच वरची मर्यादाही निघते. ५० वरून १०० वर जाऊन पुन्हा ३ डेसिबलच मिळतात, पण त्यासाठी पंप दुप्पट, वायर जाड, अल्टरनेटरवर ओझं जास्त. तेच ३ डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर निवडून फुकटात मिळवता येतात: १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९१ देणारा घेतला की वॅट दुप्पट केल्यासारखंच झालं. फक्त पत्रकात ते १ वॅटला मोजलंय की २.८३ व्होल्टला, ते पाहावं. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात. फुकटचे ३ डेसिबल तिथेच आलेले असतात. थोडक्या पैशांत ज्याला चांगलं ऐकायचं आहे त्याने चॅनेलमागे ४० ते ६० खरे वॅट पाहावेत आणि तिथे थांबावं, असं माझं मत आहे.

‘कमी ताकदीच्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतात, म्हणून मोठाच घ्या’ हा दुकानातला लाडका युक्तिवाद. त्यात सत्याचा अंश आहे, पण तो उलटा धरलेला. कमी वॅटने स्पीकर जळत नाही; रोज संथ आवाजात ऐकणाऱ्याचा स्पीकर वर्षानुवर्षं एखाददुसऱ्या वॅटवर सुखात जगतो. जळतो तो कापलेल्या लाटेने. लाट पूर्ण सपाट झाली की त्याच ॲम्प्लिफायरमधून गोलाईदार लाटेच्या दुप्पट शक्ती निघते, आणि कापलेल्या कडांतून वरच्या पट्टीचे जे नवे स्वर तयार होतात ते नाजूक ट्वीटरच्या वाट्याला येतात. म्हणजे गुन्हेगार छोटा ॲम्प्लिफायर नसून त्याला झेपत नाही तेवढा पिळणारा हात आहे, आणि तो हात ३००० वॅटच्या खोक्यालाही पिळू शकतो. लाट कापली जाऊ नये यासाठीची, आणि जिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे अशी चावी म्हणजे ‘गेन’. ती आवाजाची चावी नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे ते ॲम्प्लिफायरला सांगण्याची ती जागा आहे. स्पीकरच्या वायरी सोडवून, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून, १००० हर्ट्झचा चाचणी-स्वर वाजवायचा आणि साध्या मल्टिमीटरवर एसी व्होल्ट पाहत गेन वाढवत न्यायचा. ५० वॅट आणि ४ ओहमसाठी मीटरवर १४.१ दिसले की हात काढायचा. गेनशेजारची ‘बास बूस्ट’ची चावी शून्यावरच राहू द्यावी. तिच्यावर लिहिलेले १२ डेसिबल म्हणजे त्या खालच्या स्वरांना १६ पट वॅट. ५० चा ॲम्प्लिफायर ते आणणार कुठून?

स्वस्त ॲम्प्लिफायरवरची खरी मोलाची चावी वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात क्वचितच कुणी बोलतं: हाय-पास फिल्टर. तेवढ्याच मोठेपणाने एक सप्तक खालचा स्वर काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. दारातला साडेसहा इंची स्पीकर ८० हर्ट्झ निभावून नेतो. ४० हर्ट्झ मागितले की धापा टाकतो, आणि त्या धडपडीत गाणाऱ्याचा आवाजही थरथरायला लागतो. फिल्टर ८० हर्ट्झवर लावला की तो न झेपणारा भार वजा होतो आणि तोच स्पीकर, तेच वॅट, एकदम दम धरतात. फिल्टर नसलेला १०० वॅटचा आणि फिल्टर असलेला ५० वॅटचा यांत निवड करायची झाली तर दुसरा घ्यावा. मग खालचे स्वर कुणी वाजवायचे? वूफरने, आणि त्यासाठी दुसरा ॲम्प्लिफायर लागत नाही. चार चॅनेलचा घ्यावा, पुढच्या दोन चॅनेलवर पुढच्या दारांचे स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, दहा इंची वूफर. मागच्या सीटचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्यावेत. गाडी चालवणाऱ्याला त्यांचा तसाही फारसा उपयोग नसतो. मात्र ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला वूफरचे ओहम निम्मेच दिसतात. ४ ओहमचा वूफर दोन्ही चॅनेलना २-२ ओहमचा वाटतो, ते बहुतेकांना झेपतं. २ ओहमचा वूफर १ ओहमचा वाटतो, आणि मग प्रोटेक्टचा लाल दिवा लागून गाणं बंद पडतं. वूफर घेताना हा एक आकडा विसरला की पुढचं सगळं गणित फसतं.

आजच्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. कंपनीचा टचस्क्रीन डॅशबोर्डमध्येच गुंतलेला, त्याला मागचा कॅमेरा जोडलेला, कुठे एसीची बटणंही त्यातच. तो काढून टाकणं शहाणपणाचं नाही. ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरींच्या जागा त्याच्या पाठीला बहुधा नसतात. म्हणून स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला आणि सिग्नल आला की आपोआप चालू होणारा ॲम्प्लिफायर निवडावा, आणि गाडीच्या मूळ वायरी न कापता कपलर लावून जोडणी करवून घ्यावी. वॉरंटीचा वाद झालाच तर कपलर काढला की वायरिंग मूळपदावर येतं. क्लास डीचा फायदाही इथेच दिसतो: तो सीटखाली मावतो आणि कमी तापतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीत सीटखाली काय होत असेल याची कल्पना करावी.

बजेट कमी असलं की सगळे पैसे ॲम्प्लिफायरच्या आकड्यावर घालायचा मोह होतो. माझ्या मते एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांपुढे तो जाऊ देऊ नये. दाराच्या आतल्या पत्र्याची भोकं डॅम्पिंग शीटने बुजवली नाहीत तर स्पीकरच्या पुढून निघालेला आणि मागून निघालेला आवाज एकमेकांना खातात, आणि ती तूट वॅटने भरून निघत नाही. दुसरी चोरी वायरीत होते. ‘८ गेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वायरी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात, आणि काहींत तर प्लास्टिकच जास्त. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चांदीसारखी चमकली तर तांबं फक्त वरवरचं आहे. पाच मीटर शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरीत ३० अँपिअरला ०.३ व्होल्ट पडतात, मुलाम्याच्या वायरीत जवळपास अर्धा. तेवढ्यासाठी रडायची गरज नाही. मुलाम्याचीच परवडत असेल तर एक माप जाड घ्यावी. मात्र एका गोष्टीत तडजोड चालत नाही. बॅटरीपासून निघणारी ही वायर इंजिनच्या पत्र्यातून, सीटखालून, गालिच्याखालून जाते आणि कुठेतरी घासून उघडी पडली तर शेकडो अँपिअर सरळ पत्र्यात उतरतात. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज त्या वेळी काहीच करू शकत नाही, कारण तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. वाचवतो तो बॅटरीजवळचा. जोडणी झाल्यावर गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला सांगा, आणि बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज दिसला नाही तर तो बसवून घेतल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.